डोळ्यांनी बघितलेलं वाक्य

‘सूर्य पूर्वेला उगवतो’ हे वाक्य आमच्या इंग्रजीच्या सरांना मान्य नव्हतं. पुस्तकात छापलेलं होतं, परीक्षेत हमखास यायचं, तरी मान्य नव्हतं. आठवीच्या पहिल्याच आठवड्यात त्यांनी ते इंग्रजीत फळ्यावर लिहिलं आणि विचारलं, हे कोणी कोणी बघितलंय? सगळ्यांनी हात वर केले. मग एकेकाला उभं करून त्यांनी तुझ्या घरून सूर्य कुठून वर येताना दिसतो असं विचारलं. कोणी म्हणालं माडांच्या शेंड्यांवरून, कोणी म्हणालं मागच्या डोंगरावरून, आणि डोंगर मध्ये असल्यामुळे आमच्याकडे उशिराच येतो. मी म्हटलं, मी उठते तेव्हा तो आलेला असतो. मला खाली बसायला सांगितलं. पुस्तकातलं वाक्य पुसून सरांनी त्या जागी ‘द सन कम्स लेट’ असं लिहिलं आणि आम्हाला वहीत उतरवून घ्यायला लावलं.

सरांचं व्याकरण फार थोडं होतं. एक नाम आणि एक क्रियापद आलं की झालं दोन पायांचं वाक्य. ‘बोट्स लीक.’ पुढे अजून एक नाम आलं की तीन पायांचं. ‘मदर सेल्स फिश.’ दोन नामं आली की चार पायांचं. ‘काका गिव्ज डॉग्ज राइस.’ सगळी इंग्रजी भाषा एवढ्याच पायांवर चालते आणि बाकीची नुसती नटवानटवी आहे, असं ते ठासून सांगायचे. त्यात त्यांची एकच अट होती. वाक्य खरं पाहिजे आणि स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेलं पाहिजे. राजा वाघ मारतो, मुलगी फुलं तोडते, असली पुस्तकी वाक्यं आणली की ते विचारायचे, बघितलंस? आणि आम्ही नाही म्हणून मान हलवली की त्यावर तांबड्या शाईची रेघ ओढायचे.

एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण सर तपासायला घरी यायचे. शाळा सुटली की पँटला सायकलची क्लिप लावून, दांड्याला छत्री बांधून ते निघायचे, आणि ज्याचं वाक्य असेल त्याच्या खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, जाऊन उभे राहायचे. वाक्यात म्हटलेली गोष्ट समोर घडताना दिसली की तिथेच, सायकलच्या सीटवर वही ठेवून, वाक्याखाली सही करायचे. आमच्या वह्यांना मार्क नव्हतेच, नुसत्या सह्या होत्या. कोणाच्या किती सह्या झाल्या यावर आमच्या मारामाऱ्या चालायच्या.

वर्गातल्या एकाने एकदा ‘माय ग्रँडफादर ईट्स टेन बांगडाज’ असं लिहिलं. सर रविवारी दुपारी बरोबर जेवणाच्या वेळेला हजर. आजोबांना कळलं की ही सरकारी तपासणी आहे. नातवाचं नाव राखायला म्हातारा दहा बांगडे खाऊन उठला, पुढचे दोन दिवस पेजेवर होता, आणि तरी गावभर सांगत फिरला की माझ्या जेवणावर मास्तरान सही केल्यान. दुसऱ्या एका मुलीने ‘अंकल बिल्ड्स अ वॉल’ असं लिहिलं होतं. तिच्या काकाने तो चिऱ्यांचा गडगा तीन वर्षांपूर्वी अर्धवट सोडला होता. सर रोज संध्याकाळी जाऊन त्या अर्ध्या गडग्यासमोर उभे राहायचे, काही बोलायचे नाहीत. पाचव्या दिवशी काकाने वैतागून फावडं उचललं. आमच्या गावातली बरीच रखडलेली कामं अशी इंग्रजीच्या पायी पूर्ण झालेली आहेत.

याचा परीक्षेत फायदा झाला की तोटा, ते मात्र मला आजही सांगता येणार नाही. सहामाहीला ‘प्राणिसंग्रहालयाला भेट’ असा निबंध आला, तेव्हा अर्ध्या वर्गाने ‘मी प्राणिसंग्रहालय बघितलेलं नाही’ एवढं एकच वाक्य शुद्ध इंग्रजीत लिहून पेपर दिला. मुख्याध्यापकांनी सरांना बोलावून घेतलं. सरांनी त्या सगळ्यांना पैकीच्या पैकी दिले होते.

जिल्ह्याच्या ठिकाणाहून, ओरोसहून, एकदा तपासणीला साहेब आले. त्यांनी वर्गातल्या मंगलला उभं केलं आणि एक नाम, एक क्रियापद, पुन्हा एक नाम असं वाक्य करायला सांगितलं. मंगल त्यांच्याकडे बघत राहिली. साहेबांनी पुन्हा विचारलं, मुख्याध्यापकांनी घाम पुसला, सर मागच्या बाकावर हाताची घडी घालून शांत. तेवढ्यात शिपाई चहा घेऊन आला. साहेबांनी कप उचलून पहिला घोट घेतला आणि मंगल म्हणाली, “साहेब ड्रिंक्स टी.” सर उठले, तिच्या बाकापाशी गेले आणि साहेबांच्या समोर तिच्या वहीत सही करून परत जागेवर जाऊन बसले.

सर मूळचे खारेपाटणचे. तिथल्या जुन्या बाजारात त्यांच्या घरच्यांचं मसाल्याचं दुकान होतं. घरात सगळे व्यापारी, हे एकटेच मास्तर. आमच्या गावात पोस्टामागे एका खोलीत राहायचे, शुक्रवारी दुपारी सायकल मारत नमाजाला जायचे आणि लग्नाचं कोणी विचारलंच तर म्हणायचे, माझं दोन पायांचं वाक्य बरं चाललंय. आम्हाला हसू यायचं. ते एकटे होते हे मला फार उशिरा, स्वतः एकटी राहायला लागल्यावर जाणवलं.

आता माझ्या वाक्याचं सांगते, कारण सर माझ्या आयुष्यात राहिले ते त्याच्यामुळे.

माझे बाबा बोटींच्या इंजिनाची कामं करायचे. मी पाचवीत असताना ते गुजरातेत वेरावळ बंदराला कामाला गेले. पहिलं वर्षभर पत्रं यायची, शेजारी फोन यायचा. मग दोन्ही बंद झालं. बुडाले म्हणावं तर तसं काही नव्हतं. कोणी ना कोणी येऊन सांगायचं की अमुक बंदरात दिसला होता, बरा होता. म्हणजे माणूस होता, फक्त येत नव्हता. आईने एकच वाक्य धरून ठेवलं होतं. “चवथीक येतलो.”

तिचंही चूक नव्हतं. आमच्याकडे गणेशचतुर्थीला माणूस येतोच. मुंबईत असो, सुरतेत असो, घरच्यांशी भांडून गेलेला असो, चवथीला येतो. बाकी वर्षभर कुठे होता असं त्याला कोणी विचारत नाही. आठवीत चवथ जवळ आली तेव्हा सरांनी वाक्यं मागितली, चतुर्थीला घरी काय होतं ते लिहा म्हणून. सगळ्यांनी हेच लिहिलं. कुणाचा काका येतो, कुणाचा भाऊ येतो. माझ्या पुढच्या बाकावरच्या दोघींनी आपापले बाबा लिहिले. मी पेन धरून बसले होते. सगळ्या वर्गात आपलंच वाक्य वेगळं कसं असेल, असं मला वाटलं, आणि मी लिहून टाकलं, ‘माय फादर कम्स होम’. लिहिताना मला ते खोटं वाटलं नाही, हे देवाशपथ सांगते. दुपारी घरी जाताना आठवलं की सर तपासायला येणार.

चतुर्थीच्या दिवशी सकाळी दहाला सायकल खळ्यात आली. काकांनी गणपती आणून बसवला होता, वर माटवीच्या लाकडी चौकटीला नारळ, काकड्या, रानातली फळं बांधून झाली होती, आत मोदकांचा वास येत होता. मी पडवीच्या खांबामागे उभी. आईने विचारलं, सर आज कसे काय? सर म्हणाले, हिच्या एका वाक्याचं काम आहे, बसतो थोडा वेळ. आईने माझ्याकडे बघितलं. मी तिला वाक्य सांगितलं. ती आत गेली आणि सरांसाठी पाट मांडला.

सर दिवसभर पडवीत बसले. बाबांचं नावसुद्धा काढलं नाही. काकांशी भाताच्या रोपांवर बोलले, काळ्या वाटाण्याची उसळ दोनदा मागून घेतली, भजनाच्या वेळी टाळ बघून इंग्रजीत त्याला काय म्हणतात ते मला सांगितलं. रस्त्यावर गाडी वाजली की आम्ही दोघं एकाच वेळी मान वळवायचो. संध्याकाळी सातला मालवणहून शेवटची एसटी आली. आमच्या फाट्यावर चार माणसं उतरली, वेगवेगळ्या वाटांनी गेली. सर उठले, पँटला क्लिप लावली आणि म्हणाले, बरं, येतो.

दुसऱ्या दिवशी शाळेत तांबडी रेघ येणार म्हणून मी वही लपवली. त्यांनी मागितलीच नाही.

पुढच्या वर्षी चवथीला सकाळी दहाला सायकल पुन्हा खळ्यात.

मला तेव्हा फार राग आला होता. नववीतली मुलगी, सगळ्या वाडीला आमची गोष्ट माहीत, आणि हा माणूस त्याच गोष्टीपायी येऊन आमच्या पडवीत बसून राहतो. संध्याकाळची गाडी गेल्यावर मी आठवीची वही त्यांच्या हातात ठेवली आणि म्हटलं, “सर, ते वाक्य खोडून टाका.”

त्यांनी चष्मा काढून सदऱ्याने पुसला. “मी खोटी वाक्यं खोडतो,” ते म्हणाले. “हे खोटं झालेलं नाही. हे अजून बघायचं राहिलंय.”

“आणि कधीच नाही दिसलं तर?”

“तर मी येत राहीन. माझं काय जातं?”

मी वही त्यांच्या हातून ओढून घेतली आणि माजघरात जाऊन रडले. पण त्या रात्री, बाबा गेल्यानंतर पहिल्यांदा, मला वाटलं की वाट बघणाऱ्या आम्ही दोघीच नाही.

मग ते तसंच सुरू झालं. मी दहावी झाले, मालवणला कॉलेजात गेले, सर येत राहिले. दोन-तीन वर्षं चवथ रोज्यांत आली. तेव्हा दिवसभर पाण्याचा थेंब न घेता ते पडवीत बसले, समोर माणसं वडे-उसळ हाणत होती आणि हे वर्तमानपत्र वाचत होते. आईला ते सोसेना. शेवटची गाडी आली-गेली आणि रोजा सोडायची वेळ झाली की ती हळदीच्या पानात गुंडाळलेले मोदक आणि शहाळं त्यांच्यापुढे ठेवायची. एका वर्षी सर तिला म्हणाले, वहिनी, हे चार पायांचं वाक्य झालं बघा. तिला कळलं नाही, पण ती हसली. चवथीच्या दिवशी आईला हसताना मी बऱ्याच वर्षांनी बघत होते.

सर निवृत्त होऊन खारेपाटणला गेले तेव्हा मी मनाशी म्हटलं, संपलं. तर चतुर्थीला दोन एसट्या बदलून दहाच्या ठोक्याला दारात. सायकल नव्हती, छत्री होती. आता ते आदल्या दिवशी फोन करायचे आणि विचारायचे, काही दिसतंय का? मी म्हणायचे, नाही सर. ते म्हणायचे, मग येतो. एका वर्षी साथीमुळे गाड्या बंद होत्या. त्या दिवशी संध्याकाळी सात वाजता, गाडी नसतानाही गाडीच्या वेळेला, त्यांचा फोन आला. मी पडवीत उभी राहून रस्ता बघत त्यांना सांगत होते की कुत्रा चाललाय, शेजारच्या काकी चालल्या आहेत, आता कोणी नाही. ते पलीकडून हूं हूं करत ऐकत होते. फोन ठेवून आत आले तर आई म्हणाली, “सरांचो गुडघो कसो आसा, विचारलंस?”

तेव्हा माझ्या लक्षात आलं की आई कितीतरी वर्षांत ‘चवथीक येतलो’ असं म्हणालेलीच नाही. चतुर्थीला सकाळपासून ती एकच विचारत असायची, सर इले काय? मला ओरोसला नोकरी लागली होती, क्वार्टरमध्ये एकटी राहत होते, आणि ऑगस्ट उजाडला की सुट्टीचा अर्ज लिहिताना मलाही दिसायची ती पडवीत बसलेली, चष्मा पुसणारी उंच आकृती. बाबांचा चेहरा नीट आठवेनासा झाला होता. मला याची लाज वाटायची. आता वाटत नाही.

सर दोन वर्षांपूर्वी, थंडीत गेले. त्यांच्या पुतण्याने मला फोन केला. त्यांच्या मोबाइलमध्ये माझा नंबर कोणत्या नावाने होता कुणास ठाऊक, मी विचारलं नाही. मी खारेपाटणला गेले तोवर सगळं आटोपलं होतं. पुतण्याने दुकानातल्या स्टुलावर बसवून चहा दिला. मसाल्याच्या वासाचं माझ्या डोळ्यांत पाणी यायला निमित्तच झालं. तो सांगत होता की चाचांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता, डॉक्टरांनी ऑगस्टमध्ये ऑपरेशनला बोलावलं होतं, पण ते तयार होईनात. चतुर्थीच्या दिवशी डोळ्याला पट्टी नको, म्हणत राहिले. पुतण्याने विचारलं, चतुर्थीचं आपलं काय काम? तर म्हणाले, एके ठिकाणी बघायला जायचं असतं. म्हणजे शेवटच्या वर्षी आमच्या पडवीत बसून त्यांना रस्ता दिसतही नव्हता. गाडी वाजली की ते मान मात्र वळवत होते, मी बघितलंय.

त्यानंतरच्या चतुर्थीला बाबा आले.

सकाळी अकरा वाजता फाट्यावरून एक वाळलेला माणूस, खांद्याला पिशवी, हळूहळू चालत आला. मी ओळखलं नाही. आई दारात होती, तिने चालीवरून ओळखलं. ती बराच वेळ तशीच उभी राहिली आणि मग म्हणाली, “पाय धुवन येवा.” तेवढंच. काका तावातावाने उठले होते, पण समोर गणपती, वर चवथीचा दिवस, त्यांनी मागे वळून टाळ उचलले. कुठे होता हे कोणी विचारलं नाही. आमच्याकडे विचारत नाहीत.

एवढी वर्षं मी मनात काय काय घोकून ठेवलं होतं. ओरडायचं, दार लावून घ्यायचं, किंवा धावत जाऊन बिलगायचं. त्यातलं काहीच झालं नाही. बाबा पाटावर बसून जेवत होते, आई वाढत होती, उसळीतला खोबऱ्याचा तुकडा त्यांनी, मी लहानपणी बघितलं होतं तसाच, शेवटी खायला बाजूला काढून ठेवला, आणि माझ्या मनात एकच आलं, की हे सरांना सांगायला पाहिजे. लगेच, आत्ताच. मी फोन हातातही घेतला. मग तो ठेवला आणि बाहेर पडवीत जाऊन बसले.

दिवसभर मी तिथेच होते. आईने दोनदा हाक मारली, मी गेले नाही. मला माहीत होतं की ते येणार नाहीत, त्यांच्या दुकानात बसून मी चहा पिऊन आले होते. तरी रस्त्यावर गाडी वाजली की माझी मान वळत होती. सात वाजता शेवटची एसटी आली, फाट्यावर कोणीच उतरलं नाही, आणि गाडी पुढे गेली.

बाबा हात पुसत बाहेर आले. माझ्यापासून थोडे लांब, खांबाला टेकून उभे राहिले. सकाळपासून ते माझ्याशी बोललेले नव्हते.

“कोणाची वाट बगतंस गो?”

“सरांची.”

“कोण सर?”

“माझे इंग्रजीचे सर. तुमी इल्यात काय ता बगूक येयत. दर चवथीक.”

बाबा पुन्हा हात पुसायला लागले. “माका वळखत होते?”

“नाय.”

“मगे?”

मी रस्त्याकडे बघत रडायला लागले. बाबा जवळ आले, चाचरत माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “रडू नको. मी इलंय मा आता.”

त्यांना वाटलं, मी त्यांच्यासाठी रडते आहे.